फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवताना

मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त साडेबाराचा. अक्षता पडल्या, हार घातले गेले आणि आता कार्यालयाच्या अंगणात नवरा-नवरीचे फोटो काढायचे आहेत. ऊन डोक्यावर. नवरीच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर लख्ख उजेड, डोळ्यांच्या खोबणीत मात्र काळोख. कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा फ्लॅश उडवला की तो काळोख जातो, पण त्याच्यासोबत नाकाची चढण, गालाचा उतार आणि नथीतल्या मोत्यांचा गोलावाही जातो. चेहऱ्याला आकार सावलीमुळे येतो. प्रकाश लेन्सच्याच दिशेने आला की ती सावली चेहऱ्यामागे पडते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून बाजूला न्यायचा. स्टुडिओत हे सोपं असतं. तिथे वारा नाही, सूर्य नाही, दिवे ठरल्या जागी. बाहेर यातलं काहीच आपल्या हातात नसतं. नवी मुलं जास्त ताकदीच्या फ्लॅशसाठी पैसे साठवताना दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्यांच्या फोटोत कमी पडलेली असते ती ताकद नव्हे, जागा. फ्लॅश कुठे ठेवायचा हे कळलं की चार पेन्सिल सेलच्या साध्या फ्लॅशवर लग्नाचं बरंचसं काम निघतं.

एका फोटोत दोन एक्स्पोजर

बाहेर फ्लॅश लावून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकावर एक पडलेली दोन एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडलेले प्रकाशाचे दोन वाटे, असतात. एक उन्हाचं, दुसरं फ्लॅशचं. ऊन सतत पडत असतं, त्यामुळे शटर जितका वेळ उघडं तितकं ते आत येतं. फ्लॅशचा झोत मात्र पूर्ण ताकदीला सेकंदाच्या तीनशेव्या ते हजाराव्या भागाइतकाच टिकतो, आणि ताकद खूप उतरवली तर वीस हजाराव्या भागापर्यंत आखूड होतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं ठेवा किंवा दोनशेवा, एवढासा झोत त्यात मावतोच. म्हणजे शटर स्पीड बदलल्यावर फक्त उन्हाचा वाटा कमी-जास्त होतो. फ्लॅशचा वाटा ठरतो त्याच्या ताकदीवर आणि माणसापासूनच्या अंतरावर. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) हे दोघांनाही सारखेच लागू.

या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल: शटर उन्हाचं, ताकद आणि अंतर फ्लॅशचं, ॲपर्चर दोघांचं.

याचा उपयोग कोकणातल्या किनाऱ्यावर संध्याकाळी फोटो काढताना सगळ्यात स्पष्ट दिसतो. आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त आकाशाचं एक्स्पोजर लावायचं, रंग हवे तितके गडद होईपर्यंत. समोरचं जोडपं या वेळी काळ्या आकृतीसारखं दिसतं, दिसू द्यावं. मग फ्लॅश चालू करून त्याची ताकद चेहरे नीट दिसेपर्यंत वाढवायची. सूर्य बुडाला की उजेड मिनिटामिनिटाला उतरतो. तेव्हा फ्लॅशला हात लावायची गरज नसते. शटर दोनशेव्या भागावरून शंभराव्यावर, मग साठाव्यावर आणत जायचं. फ्लॅश आणि माणूस यांच्यातलं अंतर तेच असेल तर चेहऱ्यावरचा उजेड जवळपास तसाच राहतो आणि आकाश हवं तसं मिळत जातं.

दुपारची गोष्ट अवघड, कारण तिथे सूर्याशी सामना असतो. जुना नियम असा की स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग. शटर दोनशेव्या भागावर नेलं तर ॲपर्चर एफ ११. आता फ्लॅशकडे बघू. फ्लॅशच्या डब्यावर गाइड नंबर छापलेला असतो, ठळक अक्षरात बहुधा ६०. तो आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरला झूम करून, अरुंद झोतासाठी मोजलेला असतो. सर्वसाधारण वापरात, झोत रुंद असताना, ४० च्या आसपास धरा. गाइड नंबरला ॲपर्चरने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं. ४० भागिले ११ म्हणजे साधारण साडेतीन मीटर. एवढ्या अंतरावरून, पूर्ण ताकदीवर आणि पुढे काहीही न लावता हा छोटा फ्लॅश भर दुपारच्या सूर्याची बरोबरी करतो. त्याच्यावर सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश पसरवणारी कापडी पेटी, चढवला तर सहज दोन स्टॉप प्रकाश खाल्ला जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि साडेतीन मीटरचे पावणेदोन मीटर होतात. फ्रेममध्ये न येता फ्लॅश किती जवळ आणता येईल, हा प्रश्न म्हणूनच बाहेरच्या कामात सतत समोर येतो.

दर वेळी सूर्याची बरोबरी करावीच लागते असंही नाही. जोडप्याची पाठ उन्हाकडे करा. केसांना, पदराला मागून सोनेरी कड मिळते आणि चेहरे सावलीत जातात. त्या चेहऱ्यांवर उन्हापेक्षा एक स्टॉप कमी इतकाच फ्लॅश पुरतो, आणि फोटो पाहणाऱ्याला फ्लॅश लावला होता हे कळतही नाही. साडेतीन मीटरवरून निम्म्या ताकदीत हे जमतं. सेल वाचतात, फ्लॅश लवकर भरतो आणि मे महिन्याच्या उष्म्यात तो तापून हळू पडण्याची भीती कमी होते.

दोनशेव्या भागाची अडचण

वर सारखा सेकंदाचा दोनशेवा भाग येतोय, त्याला कारण आहे. आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. साधारण दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापर्यंत एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी उडतो. शटर याहून जलद केलं की पहिला पडदा शेवटाला पोचायच्या आत दुसरा निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅश उडाला तेव्हा जिथे फट असेल तेवढाच भाग उजळतो, बाकी फोटोत काळा पट्टा. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात.

दुपारी मागचं सगळं धूसर हवं म्हणून एफ २.८ लावलं, तर एफ ११ पेक्षा चार स्टॉप जास्त प्रकाश येतो आणि शटर न्यावं लागतं सेकंदाच्या बत्तीसशेव्या भागावर. सिंक स्पीडच्या कितीतरी पुढे. यासाठी हाय स्पीड सिंक आहे. फ्लॅश एकदम न उडता, फट सरकत असेपर्यंत अतिशय वेगाने लुकलुकत राहतो. ऑलिंपसने १९८६ साली एफ २८० या फ्लॅशमध्ये ही सोय आणली आणि आज ती स्वस्त फ्लॅशमध्येही मिळते. पण तिची किंमत मोठी असते. लुकलुकत्या झोतातला बराचसा प्रकाश पडद्यांवरच पडून वाया जातो, आणि शटर जलद कराल तसा फ्लॅशचा वाटाही घटत जातो. वर सांगितलेला नियम इथे मोडतो. छोटा फ्लॅश या पद्धतीने दुपारच्या उन्हात माणसापासून दीडेक मीटरवर आणावाच लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे लेन्सपुढे चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी काच. तो ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कापतो, पण ॲपर्चर चार स्टॉप उघडल्याने दोन्ही तितकेच परत मिळतात. शटर दोनशेव्या भागावर, ॲपर्चर एफ २.८, आणि फ्लॅशला ताकद लागते ती एफ ११ ला लागली असती तेवढीच. मला हा मार्ग जास्त आवडतो. मात्र आरशातून दिसणाऱ्या व्ह्यूफाइंडरच्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्टर लावल्यावर अंधारून येतं, तेव्हा फोकस आधी करून घ्यावा.

ब्रॅकेट काय देतो आणि काय देत नाही

ब्रॅकेट म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाशी, ट्रायपॉडच्या स्क्रूच्या जागी बसणारी पट्टी आणि तिच्यावर उभा दांडा. फ्लॅश त्या दांड्याच्या टोकाला. हॉटशूमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेतून, त्याच्यापर्यंत गुंडाळीची केबल जाते किंवा बिनतारी इशारा देणारा रेडिओ ट्रिगर काम करतो. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांच्या कडेला नळकांड्यासारखी मूठ आणि वर चकाकती वाटी असायची, कल्पना तीच. पुढे मेट्झ ४५ सारखे मुठीचे फ्लॅश लग्नाच्या फोटोग्राफरांनी वर्षानुवर्षं असेच कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टीवर लावून वापरले.

ब्रॅकेटमुळे फ्लॅश लेन्सपासून साधारण २५ सेंटिमीटर दूर जातो. माणूस दोन मीटरवर असेल तर प्रकाशाची दिशा फक्त ७ अंशांनी बदलते. चार मीटरवर साडेतीन अंश. तोच फ्लॅश डाव्या हातात घेऊन हात लांब केला, म्हणजे ६० सेंटिमीटर, तर दोन मीटरवर १७ अंश मिळतात. चेहऱ्याला खरा घाट देणारा प्रकाश ३० ते ४५ अंशांवरून येतो, आणि तिथे फक्त स्टँड किंवा दुसऱ्या माणसाचा हात पोचतो. तेव्हा ब्रॅकेट घेतला म्हणून स्टुडिओसारखे फोटो येतील, अशी अपेक्षा धरू नये.

प्रकाश मऊही होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सावलीची कड मऊ की कडक, हे माणसाच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्याने आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो आणि दुपारची सावली धारदार पडते. फ्लॅशचं डोकं सातेक सेंटिमीटर रुंद, चार मीटरवरून ते एका अंशाचं दिसतं. माथ्यावर असो वा ब्रॅकेटवर, त्याची सावली उन्हासारखीच कडक. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर आणला तर तो ३० अंशांहून मोठा दिसतो आणि सावलीची कड विरघळते. तोच सॉफ्टबॉक्स चार मीटर मागे नेला की पुन्हा कडकपणा यायला लागतो.

मग ब्रॅकेट घ्यायचा कशासाठी? कारण काही जागी स्टँड उभाच राहू शकत नाही, आणि तिथे ते ७ अंश फार मोलाचे ठरतात.

मांडवात अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चाललेली असतात, नवरीच्या मागे मामा, बाजूला करवल्या, पाहुण्यांची दाटी. इथे फोटोग्राफर सतत हलतो आणि कॅमेरा कधी आडवा कधी उभा धरतो. कॅमेरा उभा केला की माथ्यावरचा फ्लॅश आपोआप एका बाजूला जातो आणि माणसाची काळी सावली मागच्या पडद्यावर शेजारी उमटते. लग्नाच्या अल्बममधली ही सगळ्यात कुरूप गोष्ट. फिरता ब्रॅकेट असेल तर कॅमेरा उभा केल्यावर एका झटक्यात दांडा फिरवून फ्लॅश पुन्हा लेन्सच्या वर आणता येतो. सावली खाली, माणसाच्या पाठीमागे पडते आणि फोटोत दिसत नाही. नवरीच्या मुंडावळ्यांसाठीही हे बरं. गालांवर लोंबणाऱ्या त्या सरांची कडक फ्लॅशने बाजूने सावली पाडली तर चेहऱ्यावर काळ्या रेघा उठतात. वरून, समोरून आलेल्या प्रकाशात त्या रेघा सरांच्या मागेच राहतात.

डोळे लाल येण्याचा त्रासही कमी होतो. अंधारात बाहुल्या मोठ्या होतात, फ्लॅशचा प्रकाश आत जाऊन डोळ्यामागच्या रक्ताने भरलेल्या थरावरून सरळ आल्या वाटेने परततो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असेल तर ती परतीची वाट लेन्समध्येच येते. थोडा कोन दिला की चुकते.

आणि गणेश विसर्जन. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर रात्री ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलं की हवेत गुलाल, कधी पाऊस. फ्लॅश लेन्सजवळ असेल तर कॅमेऱ्यापुढचे कण आणि थेंब सगळ्यात आधी उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके दिसतात. ब्रॅकेटवर फ्लॅश उंच आणि बाजूला नेला, की अगदी जवळची हवा झोताबाहेर राहते. इथे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत मंद ठेवून बघा आणि फ्लॅश दुसऱ्या पडद्याच्या वेळी उडेल असं सेटिंग लावा. रस्त्यावरच्या दिव्यांनी टिपरूच्या हालचालीची रेघ उमटते आणि शेवटी फ्लॅशने वादकाचा चेहरा स्थिर होतो. रेघ हालचालीच्या मागे राहते, म्हणून वेग खरा वाटतो. मात्र लोक भक्तिभावाने चाललेले असताना त्यांच्या डोळ्यांवर सारखा झोत मारू नये. दोन-तीन नेमके फोटो पुरतात.

ब्रॅकेट घेताना वजनाचा विचार आधी करा. बॉडी, २४-७० लेन्स, फ्लॅश आणि पट्टी मिळून दोन-अडीच किलो होतात आणि वरात संपेपर्यंत मनगट बोलायला लागतं. बुडाचा स्क्रू एकच असेल तर कॅमेरा पट्टीवर फिरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या कडेला टेकणारी धार असलेली पट्टी निवडा. फ्लॅशचा पाय बहुधा प्लॅस्टिकचा असतो. पूर्ण कॅमेरा फ्लॅशला धरून उचलण्याची सवय त्याला मोडते.

स्टँड, वारा आणि अंतर

स्टँडवर फ्लॅश बसवण्यासाठीही एक वेगळ्या प्रकारचा ब्रॅकेट मिळतो. एस टाइप म्हणून मागा. तो फ्लॅशला शरीराजवळ पकडतो, पुढे बोवेन्स पद्धतीच्या कड्याचा सॉफ्टबॉक्स बसतो आणि सगळं वजन फ्लॅशच्या पायावर येत नाही. छत्री वापरायची तर वारा बघा. किनाऱ्यावर किंवा गडावर उघडी छत्री स्टँडला घेऊन पडते, आणि वाळूच्या पिशव्या लटकवूनही जोराच्या झुळुकीत भरवसा नसतो. अशा जागी स्टँडपेक्षा असिस्टंटच्या हातातला दांडा शंभर पटींनी बरा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांत आणि लेण्यांत स्टँड लावण्याआधी परवानगी काढावी लागते, हेही प्री-वेडिंगची तारीख ठरवतानाच पाहून घ्यावं.

अंतराचा हिशेब कुटुंबाच्या ग्रुप फोटोत चुकतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई राहतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. स्टँड एका टोकाला ठेवला, जवळचे काका दीड मीटरवर आणि पलीकडची आत्या साडेचार मीटरवर, तर आत्यावर नवव्या हिश्शाइतका उजेड पडतो. स्टँड तीन मीटर आणखी मागे न्या. आता अंतरं साडेचार आणि साडेसात, आणि फरक नऊ पटींवरून तीन पटींच्या आत येतो. दिव्याचं तोंड लांबच्या टोकाकडे वळवलं तर आणखी कमी. ताकद जास्त लागेल, हे खरं. पंचवीस माणसांच्या ग्रुपला मी सरळ उंच दिवा कॅमेऱ्याच्या जवळच ठेवण्याच्या बाजूचा आहे. कोणी अंधारात राहिलं तर त्या फोटोला अर्थ नाही.

नथीसाठी एक जपण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते. प्रकाश नवरीच्या उजवीकडून आला तर नाकाच्या सावलीत नथ बुडते. तिच्या डाव्या बाजूने, किंचित वरून, मोठ्या सॉफ्टबॉक्सने आला तर मोती उजळतात आणि ओठावर पडणारी नथीची सावली हलकी राहते.

ताकद कॅमेऱ्यावर सोडायची की हाताने लावायची? ब्रॅकेटवर तुम्ही पुढे-मागे होत असता, अंतर बदलत असतं, तिथे टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानेच ताकद ठरवण्याची सोय, कामाचं. मुख्य झोताआधी एक हलका झोत सोडून कॅमेरा परतलेला प्रकाश मोजतो. पांढऱ्या सोवळ्यातल्या गुरुजींवर तो ताकद कमी लावतो आणि काळ्या सूटवर जास्त, म्हणून भरपाईचं बटण अंगठ्याखाली ठेवावं. स्टँड आणि माणूस दोन्ही जागेवर असतील तर ताकद हातानेच लावा, प्रत्येक फोटो सारखा येतो.

रंगही जुळवावा लागतो. फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उजेडासारखा, सुमारे ५५०० केल्विन. मावळतीचं ऊन आणि मांडवातले पिवळे बल्ब त्याहून खूप तांबूस. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आणि मागचं सगळं नारिंगी दिसतं. फ्लॅशवर सीटीओ जेल, म्हणजे नारिंगी पारदर्शक पट्टी लावा, संध्याकाळी अर्ध्या गडदपणाची, पिवळ्या बल्बांखाली पूर्ण.

ट्रिगर घेताना रेडिओचाच घ्या. दुसऱ्या फ्लॅशची लखाखी पाहून उडणारे ऑप्टिकल ट्रिगर खोलीत छान चालतात, पण भर उन्हात त्यांना ती दिसत नाही आणि मध्ये माणूस आला तर संपलंच. जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश घरात सापडला तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्याच्या हॉटशूवर चढवू नका. त्यातल्या काहींच्या टोकांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. तंत्रज्ञाकडून मोजून घ्या आणि तेवढा दाब सोसणाऱ्या रेडिओ रिसीव्हरवरच तो लावा.

सरावासाठी घरातलं कोणीतरी संध्याकाळी गच्चीवर दोन मीटरवर उभं करा. आकाशाचं एक्स्पोजर लावून ठेवा आणि ते अजिबात बदलू नका. एक फोटो फ्लॅश माथ्यावर ठेवून, एक ब्रॅकेटवर, एक हात लांब करून आणि एक दुसऱ्याच्या हातात देऊन दीड मीटर बाजूने. घरी मोठ्या स्क्रीनवर चारही शेजारी लावून नाकाच्या सावलीची लांबी आणि कड तेवढी बघा. दुसऱ्या दिवशी हेच दुपारी बाराला करा.